इन्सुलिन चालू आहे, तरी म्हाताऱ्या मांजराची शुगर उतरत नाही: डोस वाढवण्याआधी काय तपासायचं

डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, इन्सुलिन सुरू झालं, घरातलं कुणीतरी धीर करून सकाळ-संध्याकाळ टोचायला शिकलं. काही दिवस बरे गेले. आणि मग पुन्हा तेच: पाण्याचं भांडं रिकामं, मोरीत लघवीचं थारोळं, पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. हे गाऱ्हाणं घेऊन येणारी माणसं मला वरचेवर भेटतात, कारण मी अमळनेरात मेडिकलच्या काउंटरवर असतो आणि माझ्या घरचा बोकाही मधुमेह घेऊनच म्हातारा झाला. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "डोस किती वाढवू?" डोसला सगळ्यात शेवटी हात लावायचा, आणि तोही डॉक्टरांनी. त्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि पहिल्या काहींना एक रुपयाही लागत नाही.

काय दिसतं

पहिलं लक्षण पाणी. निरोगी मांजर दिवसाला अंगाच्या दर किलोमागे साधारण ५० मिलीपर्यंत पाणी पितं; ओलं खाणं असेल तर त्याहून कमी. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं तर ते नक्कीच जास्त आहे. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा सगळीच जनावरं जास्त पाणी पितात, म्हणून नुसत्या अंदाजावर जाऊ नका. सकाळी पाणी मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. शेजारी तेवढंच पाणी भरलेलं दुसरं भांडं मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवलं, तर हवेत उडून गेलेलं पाणीही वजा करता येतं. त्या दिवशी मोरीतल्या बादल्या आणि घंगाळ झाकून ठेवा.

दुसरं लक्षण लघवी. वाळूचा ट्रे असेल तर गोळे मोठे आणि जास्त दिसतात. बाहेर जाणारं मांजर असेल तर ओट्याच्या कडेला, तुळशीमागच्या मातीत, जिथे ते बसतं तिथे मुंग्या लागतात. मुंग्या लागल्या म्हणजे लघवीतून साखर जातेय असं समजायला हरकत नाही. मांजराची रक्तातली शुगर साधारण २५० ते २९० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत आणि साखर पाणी ओढून घेऊन बाहेर पडते. तहान वाढते ती त्यामुळेच.

तिसरं, खाणं वाढतं आणि वजन उतरतं. वजन डोळ्यांनी ठरवू नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीत बसवून दर आठवड्याला वजन घ्या. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम गेले म्हणजे पाच टक्के गेले. नुसत्या नजरेला ते कळतही नाही.

याशिवाय केस राठ होतात, पाठीवर कोंडा येतो, मांजर स्वतःला चाटून साफ ठेवत नाही. आणि एक खूण एकदा पाहिली की विसरत नाही: मांजर मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागतं. एरवी मांजर बोटांवर चालतं. शुगर फार दिवस चढलेली राहिली की नसा कमजोर होतात आणि टाच खाली येते. शुगर ताब्यात आली तर बऱ्याच मांजरांची चाल काही महिन्यांत सुधारते, म्हणून धीर सोडू नका.

एक गोष्ट इथेच सांगतो. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं थकली तरी ते असंच पाणी पितं, आणि थायरॉइड वाढला तरी असंच खातं आणि असंच वाळतं. रक्त आणि लघवी तपासून मधुमेह पक्का झालेला नसेल, तर पुढचं काही करू नका. आधी तपासणी.

हे दिसलं तर तपासत बसू नका

इन्सुलिन टोचल्यावर काही तासांत मांजर झिंगल्यासारखं चालतंय, थरथरतंय, वेड्यासारखं खायला मागतंय किंवा नजर हरवल्यासारखं कोपऱ्यात बसलंय, तर शुगर फार खाली गेली आहे. ते गिळू शकत असेल तर लगेच त्याचं नेहमीचं खाणं पुढे करा. खात नसेल तर मध किंवा दाट साखरपाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. बोटही दातांमध्ये घालू नका, गालाच्या आतून हिरडीला लावा. थोडं सावरलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण इन्सुलिनचा असर अजून तासन्‌तास चालू असतो.

दुसरी वेळ याच्या उलटी: मांजराने खाणं सोडलंय, उलट्या करतंय, मलूल पडलंय, श्वास खोल आणि भरभर चालतोय, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतोय. याला किटोअॅसिडोसिस म्हणतात. यावर घरी करण्यासारखं काहीही नाही. सलाइन, रक्ततपासणी आणि तास-तासाचं लक्ष लागतं. रात्र असली तरी निघा.

पहिली तपासणी: त्याला कोण काय घालतं

ही फुकटची तपासणी आहे, आणि मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. मांजर एका घराचं नसतं. सकाळी तुम्ही मापून खायला देता, दुपारी आजी ताटातली दूध-पोळी कुस्करून पुढे सरकवतात, संध्याकाळी समोरच्या घरी बिस्किटाचा तुकडा मिळतो, रात्री गल्लीच्या टोकाला कुणी दूध-भात ठेवतं. प्रत्येकाला वाटतं की आपण थोडंसंच दिलं.

दुधाचंच बघा. शंभर मिली दुधात पाच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं, म्हणजे वाटीभर दुधातून चमचाभर साखर गेली. वर पोळीचा स्टार्च. मांजर जात्याच मांसाहारी आहे. त्याच्या लाळेत स्टार्च पचवणारा अमायलेज नाही, आणि जेवणातून एकदम आलेली साखर हाताळायला जो ग्लुकोकायनेज एन्झाइम लागतो, तो त्याच्या यकृतात फार कमी काम करतो. माणसाला चालतं ते त्याला चालत नाही, ते यामुळे.

तीन दिवसांची वही करा. कुणी, काय, किती वाजता दिलं ते लिहा. शेजारच्या काकूंना आणि गल्लीतल्या पोरांना गोडीत सांगा, "याला शुगर आहे, डॉक्टरांनी दूध-बिस्किट बंद केलंय." शुगर हा शब्द आता प्रत्येक घराला ओळखीचा आहे, लोक ऐकतात. आजी ऐकत नसतील तर त्यांच्याच हातात उकडलेल्या चिकनचे चार बारीक तुकडे द्या. त्यांना खाऊ घालायचं सुख हवं असतं, ते तोडू नका. अखाजीला, कानबाईच्या रोटांना, घरात पुरणाचे मांडे होतात त्या दिवशी विशेष लक्ष ठेवा, कारण त्या दिवशी घरभर गोड पसरलेलं असतं.

दुसरी: सिरींजचं टोपण

ही तपासणी एका मिनिटाची आहे, पण यात जीव जाऊ शकतो, म्हणून सावकाश वाचा.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. बऱ्याच बाटल्या ४० आययूच्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. ग्लार्जिन हा इन्सुलिनचा प्रकार आणि पेनमधली कार्ट्रिज बहुतेक वेळा १०० आययूची असतात. सिरींजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. बाटली आणि टोपण जुळलंच पाहिजे.

एकदा एक मावशी रुमालात बाटली आणि सिरींजचं पाकीट बांधून काउंटरवर आल्या. "भाऊ, महिनाभर छान होतं. आता मन्या नुसता पाण्यावर आहे. डोस दुप्पट करू का?" मी बाटली उजेडात धरली, तिच्यावर ४० आययू. पाकीट उघडलं, आत नारिंगी टोपणं.

"मावशी, आधी लाल टोपणाच्या होत्या ना?"

"हो. पोरगा पुण्याहून या बारीक सुईच्या घेऊन आला. मन्याला दुखत नाही म्हणे."

नारिंगी सिरींजच्या २ च्या रेघेपर्यंत ४० आययूचं इन्सुलिन भरलं तर मांजराला प्रत्यक्षात ०.८ युनिट मिळतं. डॉक्टरांनी लिहिले होते २. शुगर उतरणार कशी? मावशींनी डोस दुप्पट केला असता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लाल सिरींज आणली असती, तर त्याच ४ च्या रेघेवर पूर्ण ४ युनिट गेले असते.

उलट बाजू याहून भयंकर आहे. १०० आययूचं ग्लार्जिन लाल सिरींजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरलं तर ५ युनिट जातात. चार किलोच्या मांजराला तेवढे प्राणावर बेतू शकतात. घरात आजोबांना इन्सुलिन चालू असेल तर त्यांची बाटली-सिरींज आणि मांजराची बाटली-सिरींज वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, डब्यावर ठळक लिहा. आणि मांजराचं इन्सुलिन संपलं म्हणून आजोबांचं टोचू नका. प्रकार बदलला की त्याचा जोर आणि वेळ दोन्ही बदलतात.

तिसरी: बाटली

खान्देशात उन्हाळ्यात शुगर चढल्याच्या तक्रारी वाढतात, त्यात बाटलीचा हात मोठा असतो. इन्सुलिन हे प्रोटीन आहे, उष्णतेने त्याची ताकद जाते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. उघडल्यावर ग्लार्जिनच्या खोक्यावर २८ दिवसांची मुदत लिहिलेली असते. काही डॉक्टर फ्रिजमध्ये नीट राहिलेली, स्वच्छ दिसणारी बाटली त्यापुढेही वापरू देतात, पण ते त्यांना विचारून. बाटली उघडाल त्या दिवशी मार्करने तारीख टाका.

ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ हवं. गढूळ दिसलं, कण दिसले, की टाकून द्या. एनपीएच प्रकारचं इन्सुलिन मात्र मुळातच दुधट असतं. ते टोचण्याआधी तळहातांत हलकं फिरवायचं, खळखळ हलवायचं नाही.

फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली बाटली गोठते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं तरी निकामी असतं. मधल्या फळीवर किंवा दाराच्या कप्प्यात ठेवा. गावाकडे दुपारभर लाइट जाते तेव्हा फ्रिजचं दार उघडू नका. फ्रिजच नसेल किंवा लाइटचा भरवसा नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून डबी माठात ठेवा आणि माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार राहतं. प्रवासात थर्मास वापरा, पण बाटलीला बर्फ थेट टेकू देऊ नका. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही.

बाटलीबद्दल थोडीही शंका असेल तर नवी आणा. नवी बाटली तपासण्यांच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. फक्त एक लक्षात ठेवा: जुनं इन्सुलिन निकामी असताना डोस वाढवलेला असेल, तर नव्या बाटलीतून तोच वाढीव डोस टोचू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

चौथी: टोचणं आणि घड्याळ

दोन टोचण्यांत बारा तासांचं अंतर हवं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात जमत असेल तर तसंच रोज. अर्धा-पाऊण तास मागेपुढे झाला तर घाबरू नका. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट कधीच नाही. टोचताना अर्धं बाहेर सांडलं, केस ओले झाले, किती आत गेलं ते कळलं नाही, तरी पुन्हा टोचू नका. एक वेळ शुगर चढलेली परवडते, दोनदा टोचलेलं परवडत नाही.

मानेमागची कातडी धरून टोचायची सवय अनेकांना असते. तिथे रक्तपुरवठा कमी, आणि रोज त्याच जागी टोचलं तर कातडी जाड होते, मग इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. छातीच्या किंवा पोटाच्या बाजूला कातडीचा तंबू धरा, सुई तंबूच्या तळाशी, रोज जागा थोडी बदलून. सुई तंबूच्या पलीकडून बाहेर निघत नाही ना, हे बोटाला ओल लागते का त्यावरून कळतं. सिरींजमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका; एक-दोन युनिटच्या डोसात लहानसा बुडबुडासुद्धा बरीच जागा खातो. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरींज मागून घ्या. सुई दर वेळी नवी.

आधी खाणं, मग इन्सुलिन. खाल्लंच नाही तर पूर्ण डोस टोचू नका. अशा वेळी किती द्यायचं हे डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या आणि फ्रिजच्या दाराला चिकटवा.

पाचवी: भांड्यात काय आहे

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मांजराचा मधुमेह आहारावर जेवढा हलतो तेवढा फार थोड्या जनावरांचा हलत असेल. लवकर सुरू केलेलं इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचं खाणं या जोडीवर काही मांजरांना काही महिन्यांत इन्सुलिनची गरजच उरत नाही. माणसात सहसा न दिसणारी ही गोष्ट मांजरात घडते.

उंदराच्या अंगात कर्बोदकं नावापुरती असतात, आणि मांजराचं शरीर त्याच खाण्यासाठी बनलंय. दुकानातलं कोरडं खाणं मात्र स्टार्चशिवाय बनतच नाही. तो दाणा आकारात धरून ठेवायला स्टार्च लागतो. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरांत "हाय प्रोटीन" लिहिलं असलं तरी मागच्या बाजूचं बारीक छापलेलं वाचा. कर्बोदकांचा आकडा सहसा तिथे नसतो, तो काढावा लागतो: शंभरातून प्रोटीन, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करायचे. राख लिहिलेली नसेल तर कोरड्या खाण्यात ती ८ धरा.

एक नमुना घेऊ. प्रोटीन ३०, चरबी १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८. उरले ३८. आता याचे कॅलरीत किती टक्के होतात ते पाहायचं. प्रोटीन आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ३.५ कॅलरी धरायच्या, चरबीला ८.५. प्रोटीनच्या १०५, चरबीच्या ८५, कर्बोदकांच्या १३३. एकूण ३२३, त्यात कर्बोदकं ४१ टक्के. मधुमेही मांजराला हा आकडा १२ च्या आत हवा. इन्सुलिन एका बाजूने शुगर ओढतंय आणि भांडं दुसऱ्या बाजूने भरतंय, असं रोज चालू असतं.

ओलं खाणं, म्हणजे पाउच किंवा डबा, बहुतेक वेळा यापेक्षा बरंच बरं पडतं. दाट ग्रेव्हीत मात्र स्टार्च असतो, म्हणून खिमट किंवा जेलीचा प्रकार निवडा आणि त्याचाही हिशोब करा. ओल्या खाण्याने पाणीही पोटात जातं, ते म्हाताऱ्या मूत्रपिंडांना हवंच असतं. तालुक्याच्या गावी ते मिळत नसेल तर जळगाव, धुळे, नाशिककडे जाणाऱ्याला सांगून किंवा ऑनलाइन एकदम मागवा.

घरचं देणार असाल तर उकडलेलं चिकन हा पाया. मांडीचा काळसर भाग आणि कोंबडीचं काळीज, म्हणजे हृदय, यात टॉरिन जास्त असतं, आणि टॉरिनशिवाय मांजराचे डोळे आणि हृदय खराब होतात. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी टाकू नका, त्यातच कालवून द्या. अंडं उकडून चालतं. कलेजी अधूनमधून थोडी. रोज दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठतं. तापीची मासळी मिळत असेल तर शिजवून, काटे काढून द्या. कच्ची नको, काही माशांत बी-वन जीवनसत्त्व नष्ट करणारा एन्झाइम असतो. सुके बोंबील आणि सुकट खारट असतात, तेव्हा वाससुद्धा पुरे. पण नुसत्या चिकनवर महिनेच्या महिने काढता येत नाहीत. त्यात कॅल्शियम नाही आणि फॉस्फरस भरपूर आहे. किती कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वं मिसळायची ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेले असोत की वाळवून काळ्या मसाल्यात कुटलेले असोत. शेवभाजीचा रस्सा, भरताचं बोट, काहीच नाही.

ज्या घरात मांस-मच्छी शिवत नाही तिथली अडचण मला कळते. अशी घरं आपल्याकडे खूप आहेत आणि तिथेही मांजरांवर तितकंच प्रेम असतं. पण दूध, पोळी, पनीरवर मांजर, त्यातही मधुमेही मांजर, तगत नाही. माझ्या ओळखीच्या एका माळकरी घरात बाहेरच्या ओट्यावर वेगळी ताटली, वेगळा चमचा ठेवलाय आणि पाउच तिथेच उघडतात. घराचा नेमही राहिला, मांजरही सावरलं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम बदलू नका. कोरड्यावरून ओल्यावर आणलं की इन्सुलिनची गरज काही दिवसांत झपाट्याने कमी होऊ शकते. डोस तोच राहिला तर शुगर तळाला जाते. आधी डॉक्टरांना सांगा, मग सात ते दहा दिवसांत थोडं थोडं बदला आणि त्या दिवसांत शुगर वारंवार मोजा. नवं खात नाही म्हणून उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचून जिवावर येतं. जाड असेल तर वजन उतरवायचंच, पण आठवड्याला अंगाच्या एका टक्क्याच्या आसपास, त्याहून घाईने नाही.

सहावी: शुगर घरी मोजा

मांजराला पिशवीत कोंबून मोटारसायकलवर किंवा एसटीत बसवून दवाखान्यात नेलं की भीतीनेच त्याची शुगर ३०० च्या पुढे जाऊ शकते. तो एक आकडा पाहून डोस वाढवला तर घरी शांत असताना तोच डोस जास्त ठरतो. म्हणून घरचा आकडा हवा.

कानाच्या कडेने जी बारीक शीर जाते, तिथे कान हातात धरून गरम करा, मागे कापसाचा बोळा धरा, टोचा, थेंब पट्टीला लावा. नंतर लगेच चिकनचा एक तुकडा द्या. थोड्या दिवसांत मांजर स्वतः येऊन बसायला लागतं. माणसाचा ग्लुकोमीटर मांजराची शुगर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, पण रोज तोच मीटर वापरला तर चढउतार कळतो. डॉक्टरांना मीटर कोणता ते सांगा.

टोचण्याआधीचा आकडा २०० च्या आत असेल तर विचारल्याशिवाय टोचू नका. कधीही ८० च्या खाली दिसला तर खायला घाला, पुढचं इन्सुलिन थांबवा, फोन करा. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या इन्सुलिनपासून बारा तास दर दोन तासांनी मोजून कागदावर लिहा. शुगर सर्वांत खाली किती वाजता आणि कितीवर जाते, हे त्या कागदावरून कळतं आणि डॉक्टर डोस त्यावरच ठरवतात. इतकं टोचवत नसेल तर माणसांसाठी मिळणारा दंडावरचा चौदा दिवसांचा सेन्सर काही डॉक्टर मांजरालाही लावतात. खर्च जास्त, पण माहिती फार चांगली मिळते. डोस बदलल्यावर निदान पाच-सात दिवस तो तसाच ठेवून पाहावा लागतो. रोज वर-खाली केलं तर काहीच कळत नाही.

इथून पुढे घरचं काम नाही

इथवर सगळं जुळलं, बाटली नवी, सिरींज बरोबर, खाणं ठीक, आणि तरी पंधरवड्यात शुगर ३०० च्या खाली येत नसेल, तर इन्सुलिनला अडवणारं दुसरं काहीतरी शरीरात असू शकतं. घरी तोंड उघडून पाहा: हिरड्या लाल, दातांवर पिवळा थर, दुर्गंधी असेल तर दातांचा संसर्ग शुगर चढती ठेवतो. वारंवार थोडी थोडी लघवी, लघवीला बसून ओरडणं, रक्त दिसणं हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचं असू शकतं. बोका बसतोय पण थेंबही उतरत नाही, तर ते ताबडतोब न्यायचं काम आहे. खाजेसाठी मागच्या महिन्यात कुठे इंजेक्शन दिलं होतं का ते आठवा. लांब मुदतीचं स्टेरॉइड असेल तर त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे राहतो आणि शुगर उतरू देत नाही.

स्वादुपिंडाची सूज, मूत्रपिंडं, थायरॉइड हे डॉक्टर रक्तात पाहतात. फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी शुगर सांगते, आणि दवाखान्यातल्या भीतीने ती बदलत नाही. ती होत नसेल तर रक्त बाहेरच्या लॅबला पाठवता येतं का ते विचारा. डोस वाढत चाललाय, शुगर तशीच, आणि तरी वजन वाढतंय, डोकं-जबडा-पंजे मोठे दिसतायत, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार असू शकतो. त्याची तपासणी मोठ्या शहरात होते.

गोळ्यांबद्दलही विचारणा होते. माणसांच्या मेटफॉर्मिनने मांजराची शुगर आटोक्यात येत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही औषधं मांजरांसाठी मंजूर झाली, पण ती निवडक आणि आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत. त्यांच्यावर शुगर साधी दिसत असतानाही किटोअॅसिडोसिस होऊ शकतो. त्याच घराण्यातल्या माणसांच्या गोळ्या घरात असतील म्हणून तुकडा करून देऊ नका. मी काउंटरवर तरी देत नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते आणि मांजराच्या शुगरचा अनुभव प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, तुम्ही मांजराचं इन्सुलिन सांभाळता का, की कुणाकडे पाठवता?" चांगले डॉक्टर लगेच नाव सांगतात. जाताना बाटली थर्मासमध्ये, वापरलेली एक सिरींज टोपणासकट, खाण्याचं रिकामं पाकीट, वजनाची आणि पाण्याची वही, बारा तासांच्या शुगरचा कागद, आणि मागच्या सहा महिन्यांत दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची चिठ्ठी सोबत घ्या. एवढं समोर ठेवलं की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत पुढचं ठरवता येतं.